कादंबरी 14 व्या प्रकरणात रुतली आहे. सोलापुरातलं कुणी लिहितंय का?

पूर्वभागी | सोमवार, रात्री 10:52

नमस्कार मंडळी. तीन वर्षं नुसती वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी सोलापूरची, पूर्व भागातली. घरात तेलुगू, शाळा मराठी, नोकरी पतसंस्थेत. गेल्या दिवाळीच्या पाडव्याला कादंबरी लिहायला घेतली. नाव सध्या 'चिमणी'. (भाचीनं विचारलं, पक्ष्याची गोष्ट का? नाही गं, मिलची.) राजय्या मिलच्या साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात असतो, मिल बंद पडते, मग तो अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर जातो. बायको नरसव्वा घरी विड्या वळते. थोरली सुजाता बारावीला. काळ 1995 च्या आसपासचा.

13 प्रकरणं झाली, 41 हजार शब्द. पहाटे पाच ते सहा, जमेल त्या दिवशी 400-500, भाकरीला बसायच्या आधी. आणि 14 व्या प्रकरणाला जी गाडी रुतली ती रुतलीच. पाच आठवडे झाले. या पाच आठवड्यांत काय केलं ते खरं सांगते. पहिलं प्रकरण नऊ वेळा दुरुस्त केलं. फाँट बदलला. नरसव्वाची पोचव्वा केली, परत नरसव्वा केली. तेंदूपत्ता कुठल्या जंगलातून येतो यावर तीन दिवस वाचत बसले. आणि सगळ्यात वाईट म्हणजे दुसरीच एक कादंबरी सुचली, जी हिच्यापेक्षा दसपट भारी वाटते आहे.

ही सोडून ती धरू का?

शेंगाचटणी | सोमवार, रात्री 11:08

ताई, माझी 27 हजारांवर अडकली आहे. 2021 पासून. फोल्डरचं नाव 'नंतर'. वाचनखूण साठवली, उत्तर मिळालं की मलाही कळवा.

दुसरी कादंबरी धरू नका मात्र. माझ्याकडे अशा 'दसपट भारी' तीन आहेत. तिन्ही 'नंतर' मध्येच.

हुतात्मा_एक्सप्रेस | मंगळवार, सकाळी 7:15

मी दर आठवड्याला पुण्याला जातो. सकाळच्या गाडीत खिडकी मिळाली तर दौंडपर्यंत 600 शब्द होतात, नाही मिळाली तर 300. पण होतात.

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मधे अडकणं वगैरे काही नसतं, बसणं बंद झालेलं असतं. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप टपाल खात्यात नोकरी करून लिहायचा. पहाटे साडेपाचला टेबलाशी, समोर घड्याळ, दर पाव तासाला 250 शब्द. वेळेवर उठवून कॉफी आणून देणाऱ्या नोकराला वर्षाला 5 पौंड जादा द्यायचा. आत्मचरित्रात त्यानं स्वतःच लिहिलंय हे. अमेरिकेत 1999 ला सुरू झालेला तो कादंबरी लिहायचा उपक्रम, नॅनोरायमो, घ्या, नोव्हेंबरच्या 30 दिवसांत 50 हजार शब्द, म्हणजे रोजचे 1,667. ती संस्था 2025 ला बंद झाली, पण भागाकार बंद पडत नाही. तुमचे समजा 40 हजार राहिलेत. रोज 500 म्हणजे 80 दिवस. श्रावणात पुस्तक तयार.

वाईट लिहा, पण लिहा. पुढील लेखनाला शुभेच्छा.

कडकभाकरी | मंगळवार, सकाळी 9:40

हुतात्मासाहेब, ज्या बाईनं नोकरी, घर सांभाळून पहाटे उठून 41 हजार शब्द लिहिले तिला तुम्ही शिस्त शिकवताय. तिला जुलाब झालेत आणि तुम्ही तिला व्यायाम सांगताय.

माझ्या दोन कादंबऱ्या झाल्या आहेत (एक छापली, एक कुणी छापली नाही) आणि दोन्ही वेळेला मी बरोबर मधेच पडलो होतो. त्यावरून सांगतो. सुरुवातीची दहा-बारा प्रकरणं ओळखीवर चालतात. नवा माणूस आणा, त्याचं घर दाखवा, त्याचा बाप दाखवा, गड्ड्याची जत्रा दाखवा, होम मैदानावरचा पाळणा दाखवा, प्रकरण झालं. लिहिणाऱ्यालाही मजा येते. पुढं कधीतरी माणसं संपतात. गावही दाखवून होतं. आता या लोकांनी एकमेकांचं काहीतरी करायला पाहिजे. वाटोळं किंवा भलं. इथं आपले हात थरथरतात, कारण एक काही केलं की बाकीचं नऊ होऊ शकत नाही. सुचलेली दुसरी कादंबरी भारी का वाटते? तिच्यात अजून कुणी काही केलेलं नसतं म्हणून.

स्टीफन किंगनं लिहून ठेवलंय, 'द स्टँड' चं हस्तलिखित पाचशे पानांच्या पुढं गेलं आणि अडकलं. टाकून द्यायच्या बेतात होता. कित्येक आठवडे नुसता चालत राहिला. एक दिवस चालतानाच सुचलं आणि त्यानं सरळ एका कपाटात बॉम्ब ठेवून बरीच माणसं उडवली. पुस्तक सुटलं. म्हणून तुम्ही बॉम्ब ठेवा असं नाही. पण चालायला जा. मी संभाजी तलावाला दोन फेऱ्या मारतो.

एकच प्रश्न. 14 व्या प्रकरणात राजय्या *करतो* काय? वाटतं काय ते सांगू नका, करतो काय?

पूर्वभागी | मंगळवार, दुपारी 2:05 (जेवणाच्या सुट्टीत)

करतो काय... नरसव्वानं सुजाताच्या पुढच्या शिक्षणासाठी पैसे बाजूला ठेवलेत, विड्यांच्या मजुरीतले, डाळीच्या डब्यात. राजय्या ते घेतो. रात्री नवराबायकोचं भांडण होतं. पाचच पानांचं आहे हो! आराखड्यात एका ओळीत लिहिलंय. भांडण लिहिते, खोडते. नरसव्वा बोलायला लागली की टीव्हीवरच्या मालिकेतली सून वाटते. राजय्या तर भाषणच देतो.

सात_रस्ता | मंगळवार, दुपारी 3:30

सोलापुरात बसून कादंबरी होत नसते. पाणी नाही, ऊन 43, लाईट जाते. पुण्याला जा, खोली घ्या.

निवृत्त_मास्तर | मंगळवार, सायंकाळी 6:12

सात_रस्ता यांस: कादंबरीकार त्र्यं. वि. सरदेशमुख सोलापुरातच राहिले. 'डांगोरा एका नगरीचा' ला 2003 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पाणी त्यांच्याही वेळी फार येत होते असे नाही.

धागाकर्तीस: बाळ, तू स्वतःच उत्तर दिले आहेस. घरात तेलुगू, शाळा मराठी. तुझी नरसव्वा नि राजय्या आयुष्यात कधी एकमेकांशी मराठीत भांडली असतील काय? दुकानात, मिलच्या फाटकावर, डॉक्टरकडे ती मराठीत बोलतील. तेरा प्रकरणे बाहेरची होती म्हणून निभावले. आता दार लावून घेतल्यावरचे आले. मी पस्तीस वर्षे पूर्व भागातल्या शाळेत शिकवले. मुले निबंध सुरेख लिहीत. 'माझी आई' या विषयावर मात्र सगळ्यांची आई एकच असे, पुस्तकातली.

भांडण आधी तेलुगूत लिही. देवनागरीत लिहिलेस तरी चालेल. मग मराठीत आण.

शिस्तीविषयी माझे मत मधले आहे. हरिभाऊ आपट्यांनी 1890 ला 'करमणूक' काढले, दर आठवड्याला मजकूर द्यावाच लागे, त्या रेट्याने मोठाल्या कादंबऱ्या पुऱ्या झाल्या. पण त्यांच्याही काही अपुऱ्याच राहिल्या. तेव्हा रेटा सर्व आजारांवर औषध नव्हे.

शेंगाचटणी | मंगळवार, सायंकाळी 6:40

मास्तर +1. 'सगळ्यांची आई एकच, पुस्तकातली' हे वाचून गप्प बसले.

कडकभाकरी | मंगळवार, रात्री 8:02

मास्तरांशी सहमत. जाता जाता, एक आगाऊ सूचना: विषय सोलापूर आणि कादंबरी असल्यामुळे आता कुणीतरी 'कादंबरी म्हणजे शेवटी विणकामच' हे वाक्य टाकणार. ज्यानं टाकलं त्याच्या घरी येऊन भांडेन. चादरीचे लेख वाचून वाचून वीट आलाय.

सात_रस्ता | मंगळवार, रात्री 8:03

पण धागा तर तुम्हीच वर काढताय 😄

कडकभाकरी | मंगळवार, रात्री 8:04

झालं सुरू.

रातपाळी | बुधवार, पहाटे 4:31

भाकरीदादा, घरी यावा, चहा पाजतो. पण माग चालवणाऱ्यानं मागाचं बोलायचं न्हाई तर काय बोलावं बे.

मी लिव्हत न्हाई, वाचतो. 22 वर्षं मागावर हाय, टॉवेल आन् त्याच्या आधी चादर. ताईंचं वाचून एक सांगू वाटलं. धोट्यातला आडवा धागा तुटला की माग बंद पडतो. पण तुटल्या तुटल्या पडत न्हाई. कळून थांबंपर्यंत दोन-चार फेऱ्या रिकाम्याच जातात. नवा पोरगा काय करतो, जिथं माग थांबला तिथूनच दांडा ओढून चालू करतो. चालतोय की! पण कापड खाली आल्यावर आडवा पट्टा दिसतो, पातळ. टॉवेल दुय्यम मालात जातो, पैसे कटतात. जुना माणूस हातानं माग मागं घेतो, खरा तुटलेला धागा कुठं हाय ती फेरी शोधतो, मधल्या फेऱ्या काढून टाकतो, तिथून जोडून चालू करतो. वेळ जातो. मालक बोंबलतो. पण पट्टा पडत न्हाई.

तुमचा माग 14 ला थांबला म्हणता. थांबला 14 ला. तुटला कुठं ते बगा की.

बाकी मला कादंबरीतलं कळत न्हाई. पाळी संपली, जातो.

कडकभाकरी | बुधवार, सकाळी 8:55

माझे शब्द मागे. चहाला येतो.

हुतात्मा_एक्सप्रेस | बुधवार, सकाळी 9:20

उपमा छान आहे, पण मागे जाऊन उसवत बसणं हाच बहुतेकांचा आजार असतो. पहिलं प्रकरण नऊ वेळा दुरुस्त करणं म्हणजे मागेच जाणं ना? मग?

रातपाळी | बुधवार, दुपारी 1:10 (आत्ता उठलो)

साहेब, दुसऱ्या टॉवेलाचा काठ कातरत बसणं येगळं आन् तुटलेली फेरी शोधणं येगळं. पयल्या परकरणात काय तुटलेलं नव्हतं.

पूर्वभागी | बुधवार, रात्री 11:48

रातपाळीदादा, तुमच्या पाया पडते.

आज ऑफिसातून आले आणि 13, 12, 11 असं उलटं वाचलं. दुरुस्ती करायची नाही, पेन दूर ठेवायचं, असं ठरवून. 11 व्या प्रकरणात सापडलं. आणि एवढी लाज वाटली की लिहू का नको असं झालं.

11 व्यात मागाचा मालक पगार थकवतो. राजय्याला पैशाची नड येते. तिथंच तो डाळीच्या डब्याला हात लावणार होता, मूळ आराखडा तसाच होता. मी काय केलं माहीत आहे? शेजारच्या मल्लेशमला दारात आणलं आणि त्याच्या हातून राजय्याला चार हजार रुपये उसने दिले. बिनव्याजी. परतफेडीची तारीख नाही. कागद नाही. 1995 ला, सोलापुरात, चार हजार, बिनव्याजी! मी पतसंस्थेत कर्जविभागाला बसते हो. दोन जामीनदार असल्याशिवाय मी स्वतःच्या मामाला फॉर्म देत नाही.

म्हणजे माझी नड मीच भागवून टाकली. मग 14 व्यात तो पैसे कशाला घेईल? त्याला गरजच नाही. म्हणून तो भाषण देतोय.

सात_रस्ता | गुरुवार, सकाळी 10:05

मल्लेशमचा पत्ता मिळेल का? मलाही हवेत चार हजार.

कडकभाकरी | गुरुवार, सकाळी 10:30

😂

पूर्वभागी, हे फार चांगलं सापडलं. आता पुढचं विचारतो, उत्तर नाही दिलं तरी चालेल. राजय्याला तुम्ही चोरी का करू दिली नाही?

निवृत्त_मास्तर | गुरुवार, सकाळी 11:15

कडकभाकरी, काही प्रश्न चारचौघात विचारायचे नसतात.

पूर्वभागी | गुरुवार, रात्री 10:20

नाही मास्तर, विचारू दे. मी नावानिशी लिहीत नाही म्हणून सांगता येतंय.

राजय्या म्हणजे माझे नायना, वडील. सगळे नाहीत, पण बरेच. मिल, साचेखातं, नंतरचा माग, खोकला. ते जाऊन सहा वर्षं झाली. त्यांनी अम्माचे पैसे घेतले होते, एकदाच. का घेतले ते मला आजतागायत माहीत नाही. दारू नव्हती, पत्ते नव्हते. मी तेव्हा नववीत होते, सुजातासारखी बारावीत नाही. घरात त्यावर नंतर कुणी बोललं नाही. मी कॉमर्सला गेले, शिकले, माझं काही अडलं नाही. तरी तो डबा मला दिसतो. पितळी, कडीचा.

13 प्रकरणं मी त्यांना चांगलं ठेवलं. वाचणाऱ्यानं म्हणावं, काय देवमाणूस होता. तो माणूस आता डब्याजवळ गेला की मी त्याचा हात धरते.

शेंगाचटणी | गुरुवार, रात्री 10:41

ताई ❤️

हुतात्मा_एक्सप्रेस | गुरुवार, रात्री 11:30

माझी पहिली पोस्ट जरा उद्धट होती. मागे घेत नाही, पण उद्धट होती.

एक व्यवहाराचं सुचवतो, तत्त्वज्ञान नको. मल्लेशमचं पान फाडू नका. वेगळ्या फाईलमध्ये ठेवा, 11अ म्हणून. फाडायचं म्हटलं की हात अडतो, बाजूला ठेवायचं म्हटलं की अडत नाही. आणि नायनांना राजय्यापासून थोडं लांब करा. उंची बदला, खोकला काढून टाका, पान खायला लावा. माझ्या एका कथेत वडील आले होते, त्यांना मी डावखुरं केलं तेव्हा ते माझे वडील राहिले नाहीत आणि मला पुढचं लिहिता आलं.

कडकभाकरी | शुक्रवार, सकाळी 9:10

डावखुरं करणं हे मी उचलतो आहे, विचारत नाही.

पूर्वभागी | रविवार, सकाळी 6:50

झालेलं सांगते, मग आंघोळीला जाते, कारण रात्रभर झोप नाही.

आमच्याकडे पाणी चार दिवसांनी येतं. काल रात्री दीडला आलं. बॅरल, घागरी, वरची टाकी, दोन तास तरी मोटरजवळ बसावंच लागतं. मास्तर म्हणाले होते तसं भांडण तेलुगूत लिहायला घेतलं होतं, पण लिहिताना परत शुद्धलेखन सुरू होत होतं. म्हणून फोन रेकॉर्डिंगला लावला आणि मोटरच्या आवाजात दोघांचं भांडण मीच बोलायला लागले. नरसव्वा मीच, राजय्या मीच. राजय्या आता डावखुरा आणि पान खाणारा. मल्लेशम 11अ मध्ये. 11 मिनिटं बोलले. छान चाललं होतं, नरसव्वानं अशा काही शिव्या घातल्या ज्या मला येतात हे मला माहीत नव्हतं.

मागं बघते तर अम्मा दारात उभी. किती वेळ उभी होती कोण जाणे. मला वाटलं, संपलं. तिनं विचारलं, कुणाशी भांडतेस? म्हटलं गोष्ट आहे, लिहिते आहे. ती घागर सरकवत म्हणाली, 'असं झालंच नव्हतं.'

म्हटलं, मग कसं झालं?

म्हणाली, भांडण नाही झालं. ते संध्याकाळी आले, डबा उघडा दिसला, ते समोर बसले. मी विड्या मोजत होते. मोजत राहिले. हजार भरेपर्यंत वर बघितलं नाही. भरले नाहीत, परत पहिल्यापासून मोजले. तोवर ते झोपले.

बस. एवढं बोलून ती दुसरी घागर लावायला गेली. पैसे कशाला घेतले होते ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं वाटतं.

म्हणजे पाच आठवडे मी न झालेलं भांडण लिहीत होते.

निवृत्त_मास्तर | रविवार, सकाळी 8:30

म्हणजे माझे भाषेचे निदान चुकले. त्यांनी कोणत्याच भाषेत काही म्हटले नाही.

चुकले याचा आनंद आहे.

कडकभाकरी | रविवार, सकाळी 9:45

जरा थंड पाणी ओततो, माफ करा. 'खरं असं झालं' म्हणून कादंबरीत तसंच चालतं असं नाही. घरात गप्प बसलेले कागदावर गप्प बसले की कधीकधी पान नुसतं मुकं होतं. ते रेकॉर्डिंग पुसू नका. नरसव्वाच्या शिव्या पुढं सुजाताच्या लग्नात वगैरे कामाला येतील.

पूर्वभागी | रविवार, रात्री 9:58

पुसलं नाही. आणि मुकं होईल ही भीती मलाही आहे. पण सकाळपासून एवढंच दिसतंय, सूप, विड्या आणि मोजणारी बोटं. दुपारी 340 शब्द झाले. 12 आणि 13 मधली मिळून नऊ पानं बाद होणार, तेही कळलंय. धाग्यावर कादंबरीचे तुकडे टाकू नयेत असा नियम आहे का माहीत नाही, चार ओळी टाकते:

*राजय्या उंबऱ्याशी बसला. नरसव्वानं सूप मांडीवर ओढलं. पंचवीसचा एक कट्टा, पंचवीसचे दोन. डब्याचं झाकण चुलीजवळ तसंच पडलेलं होतं आणि दोघांनाही ते दिसत होतं. शेवटचा कट्टा अपुरा निघाला. नऊशे त्र्याऐंशी. तिनं सगळे कट्टे परत सुपात ठेवले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.*

शेंगाचटणी | रविवार, रात्री 10:06

मी 'नंतर' उघडलं आत्ता. एवढंच सांगायला आले.

रातपाळी | सोमवार, पहाटे 4:40

ताई, नऊशे त्र्याऐंशी म्हंजे 17 कमी. माझी आई वळायची, म्हणून सांगतो. सकाळी कारखान्यात माल द्यायला गेल्यावर तिथला माणूस त्यातल्या पण खराब म्हणून काढतो. पन्नास तरी काढायचा. मजुरी उरलेल्याचीच. दुसऱ्या दिवशीचं ते पण लिव्हा.